भरली गाडी, रिकामी गाडी

सुरतेचं कापड कुणाच्या अंगावर चढण्याआधी बराच प्रवास करतं, आणि त्यातला मोठा भाग शहरातल्या शहरातच होतो. उधना, लिंबायत, पांडेसरा इथल्या यंत्रमागांवर विणलेले कोरे ताके डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये जातात. तिथून रंगून, छापून ते रिंगरोडवरच्या बाजारांत येतात. बाजारात त्यांची पार्सलं बांधली जातात आणि ती ट्रान्सपोर्टच्या गोदामाकडे निघतात. यातल्या प्रत्येक टप्प्याला एक टेम्पो लागतो. कधी छोटा हत्ती, कधी दीड-दोन टन पासिंगची पिकअप.

अशी गाडी भरत असताना तिच्या मागच्या चाकाकडे जरा बघावं. हौद्यात ताके पडत जातात तशी चाक आणि हौद्याचा तळ यांच्यातली फट बोटाबोटाने कमी होत जाते. माल उतरला की गाडी पुन्हा होती तेवढी उंच उभी राहते. हे दिवसातून कितीदा तरी घडतं आणि वर्षानुवर्षं घडत राहतं. ज्याच्या जोरावर हे चालतं ती वस्तू चाकाच्या आतल्या अंगाला, धुळीने आणि ग्रीसने माखलेली असते. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीखाली एक लावून केलेला तो जुडगा म्हणजे गॅरेजच्या भाषेतले कमानपाटे.

मोटारींच्या जगात स्प्रिंगा आल्या, हवेचे फुगे आले, प्रत्येक चाक स्वतंत्र हलवणारी रचना आली. तरी माल वाहणाऱ्या गाडीच्या मागे अजून पाटेच का? स्वस्त पडतात म्हणून, हे उत्तर लगेच मिळतं. ते खोटं नाही, पण फारच अपुरं आहे. खरं उत्तर शोधायला बसलं की साध्या पोलादी पट्टीत माणसाने किती अक्कल साठवून ठेवली आहे हे दिसतं आणि थक्क व्हायला होतं.

एकाच चॅसिसवर दोन गाड्या

घरच्या मोटारीचं वजन समजा हजार किलो. पाच माणसं आणि त्यांचं सामान धरलं तर त्यात चारशे किलोची भर पडते. म्हणजे भरलेली मोटार रिकाम्या मोटारीच्या दीडपटही होत नाही. आता टाटा एस, म्हणजे तोच छोटा हत्ती, घ्या. पुण्यात, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने घडवलेली ही गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ७५० किलोची वहनक्षमता. गाडीचं स्वतःचं वजन साधारण ८०० किलो! जेवढी आपण, जवळजवळ तेवढंच ओझं पाठीवर. शिवाय इंजिन आणि ड्रायव्हर पुढे, हौदा मागे. त्यामुळे रिकाम्या गाडीचं वजन मागच्या चाकांवर कमीच असतं आणि मालाचा जवळजवळ सगळा भार तिथेच येतो. मागच्या एक्सलपुरतं पाहिलं तर रिकामी गाडी आणि भरली गाडी या दोन निराळ्या गाड्याच आहेत, आणि दोघींना एकाच स्प्रिंगवर नीट चालायचं आहे.

हे किती कठीण आहे ते थोड्या आकड्यांनी कळतं. स्प्रिंगवर दुप्पट भार टाकला तर ती दुप्पट दबते, हा रॉबर्ट हूकचा नियम सतराव्या शतकापासून माहीत आहे. त्यातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. गाडी स्वतःच्या वजनाने स्प्रिंगवर किती सेंटिमीटर दबली आहे एवढंच कळलं, तरी ती सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे सांगता येतं. २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला एकदा. सव्वासहा सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला दोनदा. गाडी हलकी की जड, स्प्रिंग पोलादाची की रबराची, याचा प्रश्नच येत नाही.

बसणाऱ्याला सेकंदाला एक ते दीड झोके सुखाचे वाटतात. आरामदायी मोटारी त्याच बेताने बांधतात. झोके वाढत जाऊन सेकंदाला चार ते आठच्या घरात गेले की ते पोटाला आणि पाठीच्या कण्याला सर्वांत जास्त झोंबतात.

आता एक पिकअप कल्पा. रिकामी असताना मागच्या स्प्रिंगांवर ६०० किलो, भरल्यावर २००० किलो. रिकाम्या गाडीला मोटारीसारखे मऊ झोके हवेत, सेकंदाला एक, म्हणून आपण नरम स्प्रिंग निवडली. ६०० किलोला ती २५ सेंटिमीटर दबायला हवी, म्हणजे दर सेंटिमीटरला २४ किलो. मग उरलेले १४०० किलो चढवले की गाडी आणखी ५८ सेंटिमीटर खाली जाणार. चॅसिस रस्त्यावर टेकणार, गाडी जागेवरून हलणार नाही.

म्हणून कडक स्प्रिंग घेऊ. दर सेंटिमीटरला २०० किलो. भरल्यावर गाडी फक्त ७ सेंटिमीटर खाली बसते, सेकंदाला दीडपेक्षा थोडे जास्त झोके घेते आणि डौलात चालते. पण रिकामी झाल्यावर तीच गाडी स्प्रिंगवर फक्त ३ सेंटिमीटर दबलेली असते आणि सेकंदाला जवळजवळ तीन झोके घेते. माल उतरवून परत निघालेली पिकअप गतिरोधकावर उड्या का मारते आणि मागे बसलेल्या हमालाची हाडं का खिळखिळी होतात, त्याचं कारण हे. ड्रायव्हरचं काही चुकलेलं नसतं आणि गाडीतही बिघाड नसतो. भरल्या गाडीसाठी निवडलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली आलेली असते, इतकंच.

मागचं सस्पेन्शन निवडणं म्हणजे खरं तर या दोन गाड्यांमधलं अंतर कसं मिटवायचं ते ठरवणं.

एका पट्टीचे सात तुकडे

आता पाट्याकडे वळू. जाड कागदाचा एक लांबट समभुज चौकोन कापा, पतंगाच्या आकाराचा, दोन टोकं लांब आणि निमुळती. तो लांबीच्या दिशेने उभ्या पट्ट्यांत कापा, मधली पट्टी बाजूच्या पट्ट्यांच्या दुप्पट रुंद ठेवून. मधली पट्टी सर्वांत लांब येईल, दोन्ही बाजूंच्या क्रमाने आखूड होत जातील. दोन्हीकडच्या सारख्या लांबीच्या पट्ट्यांची जोडी टोकाला टोक न लावता शेजारी जुळवून एकच समजा आणि लांबीच्या उतरत्या क्रमाने एकीखाली एक ठेवा. तुमच्या हातात कमानपाट्याचं चित्र तयार!

हा आकार कुणा लोहाराला सहज सुचलेला नाही. दोन टोकांना आधार असलेल्या पट्टीच्या मधोमध भार दिला की वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि टोकांकडे शून्यावर येतो. पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर मधे तिच्यावर कमाल ताण येईल आणि टोकांचं पोलाद फुकट बसून राहील. पतंगाच्या आकारात जिथे जोर जास्त तिथे रुंदी जास्त असते. त्यामुळे पोलादाचा प्रत्येक भाग सारखाच ताण सोसतो, कुणी रिकामं बसत नाही आणि कुणावर जादा बोजा पडत नाही. पण एवढी रुंद पट्टी गाडीखाली मावणार कुठे? म्हणून ती कापून एकीखाली एक रचली. चाकाशेजारच्या चिंचोळ्या जागेत हा पतंग घडी करून बसवलेला असतो.

आणि घडीच का, एकच जाड पट्टी का नाही? समजा ८ मिलिमीटर जाडीचे सारख्या लांबीचे पाच पाटे एकावर एक आहेत. त्यांच्याऐवजी ४० मिलिमीटर जाडीचा एक अखंड दांडा लावला. पोलाद तेवढंच, रुंदी तेवढीच, लांबी तेवढीच. पण हा दांडा पाच पाट्यांपेक्षा पंचवीसपट ताठ असतो! कारण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. वर दांड्याला तेवढंच वाकवायला गेलं तर त्याच्या पृष्ठभागावर पाचपट ताण येतो, आणि तो तुटतो. पाटे एकमेकांवरून घसरू शकतात म्हणून वाकतात. त्यांच्यामधली ती केसाएवढी फटच पोलादाला स्प्रिंग बनवते.

रुंदी बदलण्याऐवजी जाडी बदलूनही हेच साधता येतं. टोकाला पातळ, मध्याकडे जाड होत जाणारी पट्टी. ती किती जाड होत जावी याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात दिलं आहे. तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळ स्वतःच्या घरात नजरकैदेत होता. भिंतीतून बाहेर आलेली तुळई खालून परवलयाच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, आकारात कापली तर एक तृतीयांश वजन कमी होतं आणि ती टोकावरचा भार पहिल्याइतकाच पेलते, असं त्याने मांडलं. तुळईच्या आतला ताण कसा वाटला जातो याबद्दलची त्याची कल्पना पुढे चुकीची ठरली, पण आकाराबद्दलचा निष्कर्ष बरोबर निघाला. आजच्या नव्या गाड्यांत जे पॅराबोलिक पाटे येतात ते हेच. सात-आठ पाट्यांच्या जागी दोन-तीन, त्यांच्यामध्ये मोकळी जागा, वजन कमी आणि आपापसात घासणं नाममात्र. टाटा एसच्या पुढच्या एक्सलला असे पॅराबोलिक पाटे आहेत, तर मागे जुन्या पद्धतीचा जुडगा. म्हणजे एकाच छोट्या हत्तीत पुढे गॅलिलिओचं परवलय आणि मागे कापलेला पतंग, दोन्ही रोज सुरतेच्या रस्त्यावर फिरतात.

एकाच वस्तूला पाच कामं

उधन्याच्या बाजूला पाटे दुरुस्त करणारी छोटी गॅरेजं आहेत. तिथे मिस्त्री जुडगा सोडवतो तेव्हा बघण्यासारखं असतं. आधी एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट निघतात, मग सगळ्या पाट्यांतून आरपार गेलेला सेंटर बोल्ट. पाटे वेगळे झाले की प्रत्येकाच्या टोकाशी आरशासारखा चकचकीत ठिपका दिसतो. बाकी सगळा पाटा गंजाने तांबूस, पण टोकं मात्र वरच्या पाट्यावर घासून घासून लखलखीत. पाटा तुटला असेल तर बहुतेकदा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो. यू-बोल्ट सैल पडले की तिथलं पोलाद मोकळं होऊन वाकायला लागतं आणि त्या भोकाच्या कडेला चीर धरते. म्हणून चांगला मिस्त्री नवीन पाटे बसवल्यावर गाडी थोडी चालवून आणायला सांगतो आणि यू-बोल्ट पुन्हा आवळून देतो.

त्या चकचकीत ठिपक्यांतच पाट्याचं दुसरं काम दिसतं. वजन पेलणं हे पहिलं. एकमेकांवर घासून झोक्याचा जोर खाऊन टाकणं हे दुसरं. स्प्रिंग नुसती असती तर खड्डा गेल्यावरही गाडी झुलत राहिली असती. शॉकअब्सॉर्बर ते थांबवतोच, पण पाट्यांचं घर्षण त्याला हात देतं. याच घर्षणाचा तोटाही आहे. रिकाम्या गाडीला लहान धक्का बसला तर पाटे जागचे हलतच नाहीत, आणि धक्का जसाच्या तसा हौद्यात पोचतो.

तिसरं काम गाडीला ढकलण्याचं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, चाकं रस्त्याला मागे रेटतात, एक्सल पुढे सरकू पाहतो. पण एक्सल बांधलेला आहे तो पाट्यांना. म्हणजे भरलेल्या पिकअपला ओढून नेणारा सगळा जोर मेन पाट्याच्या, म्हणजे सर्वांत लांब वरच्या पाट्याच्या, पुढच्या डोळ्यातून (टोक वळवून केलेल्या कडीतून), तिथल्या बुशमधून आणि पिनमधून चॅसिसला मिळतो. पाट्याचं मागचं टोक मात्र घट्ट बांधलेलं नसतं. ते शॅकल नावाच्या छोट्या झुलत्या दुव्याला लटकतं, कारण कमान सपाट झाली की पाट्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि त्यांना जागा लागते.

चौथं काम एक्सल डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं. पाटा रुंद आणि आडव्या दिशेने ताठ असल्यामुळे ते आपोआप होतं. पाचवं सर्वांत अवघड. चाक फिरवताना एक्सलचं हाउसिंग उलट्या दिशेने पिळून निघू पाहतं, ब्रेक मारला की ते पुन्हा दुसऱ्या बाजूला पिळतं. साक्री-पिंपळनेरचा भाजीपाला भरून कोंडाईबारी घाट उतरणाऱ्या, नवापूरमार्गे सुरतेला येणाऱ्या पिकअपचा विचार करा. वळणावळणाला ब्रेक लागतो तेव्हा मागचे पाटे क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात, ती पिळण सोसतात आणि परत सरळ होतात. हे चालू असताना माथ्यावरचं वजनही त्यांच्यावर असतंच.

पाच वेगवेगळी कामं, आणि त्यांच्यासाठी दर बाजूला एक जुडगा, दोन-तीन पिना, एक शॅकल. शिवाय मालाचं वजन चॅसिसला एका ठिकाणी न टोचता पुढच्या आणि मागच्या टोकाशी वाटून मिळतं. इतक्या थोड्या भागांत इतकं काम करणारं दुसरं यंत्र गाडीत शोधून सापडणं कठीण.

या पोलादावरही कष्ट घेतलेले असतात. पट्टी लाल तापवून तिला कमान देतात, तेलात बुडवून कडक करतात, पुन्हा मंद तापवून तिचा ठिसूळपणा घालवतात. मग तिच्या पृष्ठभागावर पोलादी छर्‍यांचा वर्षाव करतात. छर्‍यांच्या माराने वरचा थर दाबला जातो. ओझ्याखाली पाट्याचा हा पृष्ठभाग ताणला जातो तेव्हा आधी तो दाब संपावा लागतो, मगच खरा ताण सुरू होतो. चीर ताणाने पडते, दाबाने पडत नाही. म्हणून मार खाल्लेला पाटा जास्त वर्षं टिकतो!

दुसऱ्या वाटा

मग गोल स्प्रिंग, म्हणजे कॉइल, कुठे जिंकते? तिच्या पिळलेल्या तारेत तेवढ्याच पोलादात जास्त ऊर्जा साठते, आणि तिच्यात घर्षण नसल्यामुळे लहानसहान खड्डे ती गिळून टाकते. पण कॉइलला वजन पेलण्याखेरीज दुसरं काहीच येत नाही. एक्सलला पुढे-मागे आणि पिळण्यापासून धरायला चार दांडे लागतात, बाजूला सरकू नये म्हणून आणखी एक आडवा दांडा. प्रत्येक दांड्याला दोन टोकं, प्रत्येक टोकाला बुश. पाटा एकटा करत होता ती कामं वाटून द्यावी लागतात.

टोयोटाच्या एकाच घराण्यात ही निवड स्पष्ट दिसते. २००४ पासून हायलक्स पिकअप, फॉर्च्युनर आणि इनोव्हा या तीन गाड्या एकाच मूळ आराखड्यातून निघाल्या. इनोव्हा आणि फॉर्च्युनर माणसं वाहतात, त्यांच्या मागे कॉइल आणि दांडे. हायलक्स माल वाहते, तिच्या मागे पाटे. २०२२ मध्ये ती भारतात आली तीही पाट्यांवरच. कंपनीकडे कॉइलचं तंत्र तयार होतं, हाताशी होतं. तरी हौदा आला तिथे पाटा आला.

कुणी प्रयत्नच केले नाहीत असं नाही. अमेरिकेत शेव्हरोलेने १९६० मध्ये आपल्या छोट्या पिकअपला मागे कॉइल दिल्या आणि १९७३ च्या नव्या पिढीत ती पुन्हा पाट्यांकडे वळली. निसानच्या नवारा पिकअपला २०१४ च्या पिढीत कॉइल मिळाल्या. गाडी मऊ चालायला लागली, पण जड माल आणि ट्रेलर ओढणाऱ्या ऑस्ट्रेलियात ती मागे फार बसते अशा तक्रारी आल्या, आणि कंपनीला भाराबरोबर कडक होत जाणाऱ्या कॉइल द्याव्या लागल्या. अमेरिकेतली रॅम १५०० पिकअप मात्र २००९ पासून कॉइलवर टिकून आहे, कारण तिथे पिकअप बहुतेकदा घरची मोटार म्हणून वापरतात. मोठा माल क्वचितच चढतो, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतलं अंतर कमी असतं.

प्रत्येक चाक स्वतंत्र हलवणं ही तिसरी वाट. तीत डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं, वजन चॅसिसवर जातं, चाकाबरोबर उडणारं वजन घटतं आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडत नाही. होंडाच्या रिजलाइन पिकअपने २००५ पासून हे करून दाखवलं. पण गाडी ओझ्याने सात सेंटिमीटर खाली बसली की स्वतंत्र चाकांचा कलही बदलतो आणि टायर एका कडेने झिजायला लागतात. अखंड एक्सलची दोन चाकं मात्र ओझं असो-नसो एकमेकांशी सरळच राहतात. दुपारी भरलेली आणि संध्याकाळी रिकामी धावणाऱ्या गाडीला याचं मोल फार आहे.

आणि हवा! रबरी फुग्यात भरलेली हवा ही स्प्रिंगांमधली जादूगार आहे. ओझं वाढलं की कॉम्प्रेसर आणखी हवा भरून गाडी मूळ उंचीवर आणतो. दाब वाढला की हवेची स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. भार दुप्पट, कडकपणाही जवळजवळ दुप्पट, म्हणून झोके तेवढेच राहतात. भरल्या आणि रिकाम्या गाडीचं कोडं हवा जवळजवळ पूर्ण सोडवते. रात्रभराच्या आरामबसमध्ये प्रवासी झोपू शकतात ते तिच्यामुळे. पण तिला कॉम्प्रेसर लागतो, नळ्या लागतात, व्हॉल्व्ह लागतात, आणि फुगाही एक्सलला जागेवर धरत नाही, त्यामुळे दांडे लागतातच. लाखांत तोलून घेतलेल्या पिकअपला हा संसार परवडत नाही.

मधली वाट आणि निवड

पाट्यांनीही या कोड्यावर आपला तोडगा काढला आहे. त्याचं नाव हेल्पर पाटा. मुख्य जुडगा थोडा नरम ठेवायचा आणि त्याच्यासोबत आणखी एक-दोन जाड पाटे असे बसवायचे की गाडी अमुक इतकी दबेपर्यंत त्यांना भार लागूच नये. वर कल्पिलेल्या पिकअपला हे लावून पाहू. मुख्य जुडगा दर सेंटिमीटरला १२० किलोचा. ३०० किलो माल चढला की हेल्पर टेकतो आणि दोघे मिळून दर सेंटिमीटरला २६० किलो पेलतात. भरल्यावर गाडी सात सेंटिमीटरपेक्षाही थोडी कमीच बसते. रिकामेपणी झोके सेकंदाला तीनवरून सव्वादोनवर येतात, आणि भरल्यावर ते पावणेदोनच्या आसपास राहतात. एकही दांडा नाही, कॉम्प्रेसर नाही, वीज नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेने दोन गाड्यांमधलं अंतर जवळजवळ एक तृतीयांशावर आणलं.

इथे एका सवयीबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. पासिंगपेक्षा जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटा घालून घेण्याची पद्धत सगळीकडे आहे. पाटा वाढला की गाडी कमी बसते, आणि ती जास्त वजन पेलू शकते असा समज होतो. पण ब्रेक तेवढेच राहतात, टायर आणि बेअरिंग तेवढीच राहतात, एक्सलही तोच राहतो. घाटात थांबायची वेळ आली की गाडीला थांबवतात ते ब्रेक. पाटा तिथे कामाला येत नाही. त्याशिवाय परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी आणखी कडक होते, मागचं चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि पावसात मागची बाजू घसरते. पाटे बसले असतील तर ते बदलावेत, कमान द्यावी. ओझं मात्र कागदावर लिहिलंय तेवढंच घालावं.

निवडीचा नियम यातून आपोआप तयार होतो. रस्ते खराब, माल जड आणि गाडी जवळजवळ कायम भरलेली असेल, तर जाड जुडग्याला तोड नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावी त्याचा मिस्त्री भेटतो आणि एक पाटा तुटला तर तेवढाच बदलता येतो. एक फेरी भरलेली आणि एक रिकामी असेल, तर पॅराबोलिक पाटे आणि हेल्पर. माणसं जास्त आणि माल कमी असेल, तर कॉइल. काच किंवा नाजूक यंत्रं वाहायची असतील आणि पदरी पैसा असेल, तर हवा.

हे समीकरण आता बदलायला लागलं आहे, आणि बदलवणारी वस्तू मालाच्या बाजूची नाही, रिकाम्या गाडीच्या बाजूची आहे. ती म्हणजे बॅटरी. २०२२ मध्ये टाटा एसची विजेवर चालणारी आवृत्ती आली तेव्हा तिची वहनक्षमता ६०० किलो होती, आणि बॅटरीमुळे रिकामी गाडी मूळ एसपेक्षा बरीच जड होती. रिकामं वजन वाढलं की भरल्या आणि रिकाम्या गाडीची वजनं प्रमाणात एकमेकांच्या जवळ येतात. अमेरिकेत त्याच वर्षी आलेली विजेची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग रिकामीच अडीच टनांहून जड आहे. तिच्या मोटारी चाकांच्या मधोमध चॅसिसवर बसतात, आणि फोर्डने तिच्या मागे पाटे काढून स्वतंत्र चाकं दिली. पाट्यांचं राज्य ज्या प्रमाणावर उभं होतं तेच प्रमाण हलायला लागल्यावर ही निवडही पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार.

पिकअप घ्यायला जाणारा माणूस इंजिन विचारतो, मायलेज विचारतो, पासिंग विचारतो. त्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा: माझी गाडी महिन्याकाठी किती किलोमीटर भरलेली धावणार आणि किती रिकामी? या उत्तरावर ड्रायव्हरची पाठ, टायरचं आयुष्य आणि मालाची सुखरूप पोच अवलंबून आहे. मालाच्या फेरीचे पैसे मिळतात म्हणून आपण तिचाच हिशोब धरतो. पण रिकाम्या फेरीतही गाडीत माणूस बसलेला असतो, आणि मागच्या पाट्यांची निवड त्या दोन्ही फेऱ्यांसाठी करायची असते.